गाडीचं पाणी

“दादा, आधी एक सांग. पाणी नसल्यामुळं इंजिन तापलं, का पाणी असूनसुद्धा तापलं, हे उघडल्यावर कळतंय का?”

वसंतानं हे विचारलं तेव्हा मी नुकताच बॉनेटला टेकू लावला होता. पाना अजून एकाही नटाला लागला नव्हता.

“कधी कळतं, कधी नाही,” मी म्हणालो. “न उघडता मात्र कधीच कळत नाही.”

“आणि माझंच चुकलं होतं असं निघालं तर?”

“तर तसं निघेल.”

“शाळेत पोरांना असंच सांगतोस होय?”

“पोरं असलं विचारत नाहीत. ती विचारतात, सर, मधली सुट्टी कधी?”

तो हसला नाही. शर्टाच्या बाह्या दुमडत गाडीकडं बघत राहिला.

घटस्थापना नुकतीच झाली होती. मी इचलकरंजीच्या टेक्निकल हायस्कूलमध्ये शिक्षक. रजा टाकून गडहिंग्लजला घरी आलो होतो, ते याच कामासाठी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आबांची जुनी फियाट दीड वर्ष जागेवरून हलली नव्हती. चारी चाकं बसली होती आणि मागच्या सीटवर मांजरानं दोनदा पिलं घातली होती. वसंताचं बाजारपेठेत किराणा दुकान. येता-जाता दोन गॅरेजवाले त्याला म्हणत, “मालक, आणा की गाडी, चालू करून देतो.” तो नेत नव्हता. एकदा मला फोनवर म्हणाला, “परक्यानं उघडली तर आत काय निघालं ते संध्याकाळपर्यंत गावभर होईल. उघडायची तर तू उघड.”

आत काय निघेल याची त्याला भीती होती, आणि तेच कळावं असंही वाटत होतं.

आदल्या वर्षी चैत्रात, सकाळी, आबांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, थांबू नका, बेळगाव गाठा. वसंतानं गाडी काढली. मागच्या सीटवर आबा आडवे, त्यांचं डोकं आईच्या मांडीवर. वंटमुरीच्या चढाला बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. ऊन रणरणत होतं. ट्रक थांबत नव्हते. वसंतानं हाताला शर्ट गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि ओरडला, “पाणीच नाही की ह्यात!”

शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं घेतलं. बेळगाव यायच्या आत आबा टेम्पोतच गेले.

“पाणीच नाही की ह्यात.” शब्द वसंताचेच होते. आईनं ते खिडकीतून ऐकले आणि धरून ठेवले. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. त्याचं ताट वाढायची, आंघोळीचं पाणी तापवायची, तो दुकानातून उशिरा आला तर दाराशी बसून राहायची. पण शब्द नाही. काही सांगायचं झालं तर वसंताच्या मुलीकरवी, वैजूकरवी सांगायची. वैजू सात वर्षांची. निरोप जसाच्या तसा पोचवायचा हे तिनं फारच मनावर घेतलं होतं.

मी पहिला नट ढिला करत होतो तेवढ्यात ती आलीच, हातात दोन कप सांभाळत.

“आजी म्हणाली, काकांना म्हणावं, चहा निवायलाय. आणि तो दुसरा कोण आहे त्यालाही दे.”

“आजीला सांग,” वसंता म्हणाला, “दुसऱ्यानं घेतला.”

“आजी म्हणाली, त्यानं काही सांगितलं तर ऐकून घेऊ नको.”

“मग नको सांगू.”

“पण मी ऐकलंय आता,” वैजू म्हणाली, आणि विचारात पडून आत गेली.

*

इंजिन उघडणं अवघड नसतं. अवघड असतं ते परत जसंच्या तसं लावणं. म्हणून मी मुलांना शिकवतो तसंच वसंताला शिकवलं. एका पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढलं, जिथं जिथं नट आहे तिथं भोक पाडलं, आणि काढलेला प्रत्येक नट आपापल्या भोकात बसवला.

“सगळे सारखेच तर दिसतात,” वसंता म्हणाला.

“दिसतात. पण इतकी वर्षं हा नट ह्याच जागी बसलाय. त्याची त्या जागेशी ओळख झालीय.”

“मी सातवीतला पोरगा नाही, मास्तर.”

“सातवीतला पोरगा एव्हाना पुढचा नट घेऊन उभा राहिला असता.”

तेव्हा तो थोडा हसला. हाताला काम लागलं की माणसाचं मन जरा मोकळं होतं, हे मी वर्कशॉपमध्ये फार वेळा बघितलंय. जी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत ती कानस फिरवता फिरवता घरचं सगळं सांगतात. वसंताही सांगायला लागला.

“दररोज सकाळी मी पाणी बघायचो, दादा. आबांची सवय होती, तीच मला लागलेली. बॉनेट उघडायचं, झाकण काढायचं, बोट घालून बघायचं. त्या दिवशी बघितलं का? डोळे मिटून आठवायला बसलो की कधी दिसतं, बघितलं. कधी दिसतं, आबांना उचलून आणलं, दार लावलं आणि निघालो. दोन्ही खरंच वाटतंय.”

“गाडी उकळली की पाणी वाफ होऊन जातंच. चढावर रिकामं दिसलं म्हणून सकाळी रिकामं होतं असं नाही.”

“हे आईला सांग की.”

“सांगितलंय.”

खरोखरच सांगितलं होतं. आई म्हणाली होती, “तू मास्तर आहेस. तुला सुलटंही सिद्ध करता येतंय आणि उलटंही.”

त्या दुपारी मी परत प्रयत्न केला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसून दोन पाकळ्या सोलल्या. तिनं त्या माझ्या हातातून काढून घेतल्या, कारण माझ्या बोटांना ऑइल होतं.

“किती दिवस चालायचं हे?” मी विचारलं.

“मी काय मागतेय रे, जनू? विसरला असेल. घाईत माणूस विसरतो. मी काय त्याला फासावर द्या म्हणतेय? एकदा माझ्यासमोर उभं राहून म्हणावं, आई, चुकलं. बस. तर ‘आठवत नाही, आठवत नाही.’ गेल्या दिवाळीत कुणी किती खोबरं नेलं ते आठवतंय, आणि बापाला घेऊन निघालेलं आठवत नाही?”

“खरंच आठवत नसेल तर?”

“मग त्याला म्हणावं, आठवू दे. मी काय कुठं पळून चाललेय होय?”

हे मी वसंताला सांगितलं. तो इंजिनाच्या वरच्या झाकणावरची, हेडवरची माती ब्रशनं झाडत होता. हात थांबले नाहीत.

“आठवत असतं तर सांगितलं असतं. न आठवता ‘चुकलं’ म्हणायचं म्हणजे खोटंच की ते. आबांच्या बाबतीत खोटं बोलू होय?”

लहानपणापासून तो असाच. त्याच्या दुकानातल्या तुरीला भुंगा लागला असेल तर गिऱ्हाईकानं विचारायच्या आधी सांगणारा.

*

हेड ब्लॉकला चिकटून बसलं होतं. लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी हळूहळू ठोकत सैल केलं आणि दोघांनी मिळून उचललं. खाली चार सिलिंडर, शेजारी शेजारी खणलेल्या चार विहिरींसारखे. मधल्या दोन विहिरींमधलं गॅस्केट, हेड आणि ब्लॉकमधलं पातळ पॅकिंग, जळून काळं झालं होतं, आरपार.

वसंता वाकून बघत होता.

“काय म्हणतंय?”

“फार तापलं होतं म्हणतंय.”

“ते मलाही माहीत आहे. का तापलं?”

“ते ह्यात लिहिलेलं नसतं, वसंता.”

तो मागं सरला आणि चिंध्यांनी हात पुसत बसला. हेड वाकलं होतं. सरळ पट्टी ठेवली की मधून उजेड दिसायचा. ते घासून आणायला कोल्हापूरला पाठवलं. ते येईपर्यंत मी रेडिएटर काढला.

रेडिएटरचं काम सोपं. इंजिनातलं तापलेलं पाणी वरून येतं, बारीक बारीक नळ्यांतून खाली उतरतं, उतरता उतरता वाऱ्यानं थंड होतं आणि परत इंजिनात जातं. मी तो धुण्याच्या दगडावर उभा केला आणि वसंताला म्हणालो, “वरून बादली ओत. ओतशील तेवढं खालून यायला पाहिजे.”

त्यानं ओतलं. वरून भरून सांडायला लागलं. खालून मुताच्या धारेएवढं येत होतं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

“चोंदलाय,” मी म्हणालो. “वसंता, हा चोंदलाय रे! ह्यात काठोकाठ पाणी भरलेलं असतं तरी त्या चढाला गाडी तापलीच असती. तू बघितलंस का नाही, ह्याला काही अर्थच राहिला नाही.”

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. दीड वर्षानं कुणीतरी त्याच्या छातीवरचं जातं उचललं होतं. “परत सांग,” तो म्हणाला. मी परत सांगितलं. शाळेतल्यासारखं, सावकाश, वरून खाली बोट फिरवत. त्यानं स्वतः नळीला तोंड लावून फुंकून बघितलं.

मग आम्ही रेडिएटर उलटा केला आणि खालच्या तोंडाला बागेचा पाइप लावून उलट्या बाजूनं जोराचं पाणी सोडलं. बराच वेळ काही नाही. मग घसाघसा गोळे पडायला लागले. पिवळट तपकिरी, चिकट, भाताची पेज आटून पातेल्याला खरवड धरते तसे. वासही तसाच, आंबूस. मधेच काळे पडलेले पातळ तुकडे.

वसंतानं चिमटीत धरून चोळून बघितलं.

“गाळ आहे,” तो म्हणाला, आणि हळूहळू त्याचा चेहरा परत पहिल्यासारखा झाला. “आजऱ्याला लग्नाला गेलो होतो आम्ही. येताना पाणी कमी वाटलं म्हणून मी भाताच्या शेताकडेच्या पाटातलं भरलं होतं. गढूळ होतं. वैजूची आई म्हणाली, पुढं गावात भरा. मी म्हटलं, गाडीला काय कळतंय.”

“एका खेपेच्या गढूळ पाण्यानं एवढं होत नाही.”

“मग कशानं होतं? सांग की.”

मला सांगता येईना. गाळ असा चिकट नसतो, असा आंबत नाही, एवढं कळत होतं. पण उत्तर माहीत नसलं की मी मुलांनाही थांबा म्हणतो, तसंच त्याला म्हटलं. तो थांबला नाही. दगडावर बसून त्या घाणीकडं बघत राहिला.

“म्हणजे सुटलो नाही मी,” तो म्हणाला. “नुसतं एका चुकीवरून दुसरीवर आलो.”

*

हेड परत आलं. नवीन गॅस्केट बसवलं. पुठ्ठ्यावरचे नट एकेक करून आपापल्या जागी गेले.

“मधल्यापासून सुरुवात करायची,” मी म्हणालो, “मग बाहेरच्या बाजूला जायचं. आणि एकदम आवळायचं नाही. सगळ्यांना थोडं थोडं, परत पहिल्यापासून थोडं थोडं. एकालाच पिरगाळलं तर दुसरीकडं फट राहते.”

“घर चालवण्यासारखंच आहे की,” वसंता म्हणाला. पाना त्याच्याच हातात होता. मी फक्त बोट दाखवत होतो.

अष्टमीच्या दुपारी नवी बॅटरी लावली. वसंतानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. परत खोकलं, पांढरा धूर सोडला, आणि एकदम धरलं. शेडचे पत्रे थरथरायला लागले. वैजू टाळ्या पिटत घरातून पळत आली. तिच्यामागं तिची आई, शालन, पदराला हात पुसत आली.

“भावजी, जमलं की हो!”

आई परसदाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोळे मिटून ऐकत होती. वसंता स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडं बघत होता. तिनं वैजूला खुणेनं बोलावलं आणि कानात काही सांगून आत गेली.

“काकांना म्हणावं, आवाज तोच आहे,” वैजूनं सांगितलं.

“काकांना,” वसंता म्हणाला, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. “उद्या मी आईला सांगतो. रेडिएटर चोंदला होता, पाणी असतं तरी तापलं असतं, एवढंच. पाटाच्या पाण्याचं काढायचं नाही.”

“काढायचं. अर्धंच सांगायचं असेल तर काहीच सांगू नको.”

“तुला तिनं बोलायला हवंय का नको?”

“हवंय,” तो म्हणाला. “पण खरं ऐकून बोलायला हवंय.”

*

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आदल्या साली आबांच्या वर्षामुळं घरात सण झाला नव्हता. यंदा आईनं ठरवलं होतं, गाडीची पूजा करायची.

ही पूजा मी कधी बघितलीच नव्हती. दरवर्षी मी दसऱ्यादिवशी पोचायचो. नवमीला वसंता आणि शालन दुकानात असायचे, तराजू-वजनांची पूजा करायला. घरी आबा आणि आई, दोघंच. यंदा मी थांब म्हटलं म्हणून वसंता दुकानाची पूजा पहाटेच उरकून आला.

गाडी धुऊन अंगणात आणली होती. पुढं पाटावर सगळे पाने, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर धुऊन मांडले होते. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, त्यांची सुट्टी. शालननं गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पोळ्या करपतील म्हणून आत गेली. वैजू तिच्यामागं गेली.

आई तांब्या घेऊन आली.

“जनू, ते पुढचं वर उचल.”

“बॉनेट? कशाला?”

“उचल रे. पाणी मीच घालणार. ते तरी ठेवलंय आबांनी माझ्याकडं.”

वसंतानं पुढं होऊन बॉनेट उचललं. आईनं सराईत हातानं रेडिएटरचं झाकण दाबून फिरवलं आणि बाजूला ठेवलं. मला वाटलं, दोन थेंब शिंपडेल. तिनं तांब्या तिरका केला. पाणी गेलं. मागोमाग तुळस, झेंडूच्या कुस्करलेल्या पाकळ्या, हळद. तळाशी तांदूळ राहिले होते, ते तिनं बोटांनी निपटून आत सोडले. मग कनवटीची पुडी सोडून आणखी मूठभर अक्षता हळूहळू आत घातल्या.

“पी बाई पोटभर,” ती म्हणाली.

दगडावर पडलेले ते आंबूस गोळे मला आठवले. “आई, हे... दरवर्षी घालायचीस?”

“तर! गाडी घेतली त्या साली आबा म्हणाले, बेंदराला बैलांना पोळी चारतो, हिला काय चारायचं? मी म्हटलं, ही पाणीच पिते ना? मग देवाचं पाणी देऊ, आणि दोन मुठी अक्षता. सणाला रिकाम्या पोटी कशाला ठेवायची? आबा हसले. म्हणाले, दे.” ती झाकण बसवायला लागली. “शेवटच्या दसऱ्याला तर चांगल्या चार मुठी घातल्या होत्या मी. तुळजापूरला जायचं चाललं होतं, लांबचा पल्ला.”

झाकण तिला नीट बसेना. वसंतानं हात पुढं करून ते घट्ट केलं. त्याचा हात तिथंच राहिला.

“एवढं देवाचं पाणी होतं तिच्यात,” आई म्हणाली, माझ्याकडं बघून. “माणसानं घालायचं तेच राहिलं.”

मी तोंड उघडलं. आदल्या दिवशी ठरवलेलं वाक्य जिभेवरच होतं, रेडिएटर चोंदला होता. पण ते एवढं बोलून संपणार नव्हतं. आईनं लगेच विचारलं असतं, कशानं?

वसंतानं माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात की बोटं उमटली.

“आई,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडं वळली नाही.

“आई, त्या दिवशी मी पाणी बघितलं नव्हतं. तसाच निघालो.”

आईनं मान वळवली.

“आठवलं?” आईनं विचारलं. दीड वर्षातला तो तिचा त्याला पहिला शब्द.

“आठवतच होतं. तोंडातनं निघत नव्हतं. चुकलं माझं.”

आईनं तांब्या खाली ठेवला. सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि उघड्या तळहातानं त्याच्या छातीवर, दंडावर मारत सुटली. मार लागण्यासारखा नव्हता. मग तिनं तिथंच कपाळ टेकलं आणि रडली. आबा गेले तेव्हा मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

“एवढं सांगायला एवढे दिवस लावतात होय रे?” ती म्हणाली. “मी काय तुला खाल्लं असतं? पोटचा तू माझ्या.” तिनं पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. “सकाळपासनं काय पोटात गेलंय का? दुकानात नुसता चहा ढोसला असशील. थांब, पोळी आणते. गरम आहे तोवर खा.”

ती आत गेली. तिच्या पावलांचा आवाज जाईपर्यंत वसंता उभा राहिला. मग गाडीपुढं उकिडवा बसला आणि रेडिएटरची खालची तोटी हातानं फिरवून बघितली. फिरेना.

त्यानं पाटावरचा पाना उचलला, कुंकू लावलेला.

“वशा, आज हत्यार...”

“माहीत आहे.”

तोटी सुटली. पाणी अंगणातल्या फरशीवर आलं. खाली बादली ठेवायला वेळ नव्हता. मी झाकण काढून बागेच्या पाइपनं वरून पाणी सोडत राहिलो. थोडे तांदूळ आले, थोड्या पाकळ्या आल्या. वसंता हातानं गोळा करून ते जास्वंदीच्या बुंध्याशी टाकत होता.

“खोटं बोललास तू,” मी हळू आवाजात म्हणालो.

“तू खरं बोलणार होतास. काय सांगणार होतास तिला, मास्तर? चार मुठी तांदूळ?”

मी पाइप आणखी आत सरकवला.

“माझं वय आहे अजून,” तो म्हणाला. “मी वागवीन. तिला नाही जमायचं.”

त्यानं पाना शर्टाला पुसला, पाटावर होता तसा ठेवला, आणि करंगळीनं त्याच्यावर परत कुंकू लावलं. आई गरम पोळी घेऊन आली तेव्हा तो हात धूत होता. तिनं स्वतः घास मोडून त्याला दिला.

*

त्यानंतर आई बरीच वर्षं होती. दर खंडेनवमीला तिनं गाडीला पाणी पाजलं, आणि दर खंडेनवमीला ती दुपारी आडवी झाली की वसंता रेडिएटर धुऊन काढायचा. नको घालू असं त्यानं कधी म्हटलं नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहितोय.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं, दसऱ्याच्या संध्याकाळचं. गल्लीतली माणसं सोनं द्यायला येत होती. आई ओसरीवर बसली होती, आणि वसंता तिच्या शेजारी. येईल त्याला ती सांगत होती, “माझ्या वसंतानं कबूल केलं हो. त्या दिवशी पाणी घालायचं राहिलं होतं त्याच्याकडनं. माणूस चुकतो. पण कबूल करायला छाती लागते.” माणसं वसंताच्या पाठीवर हात ठेवत. बाहेर जाऊन एकमेकांशी हळू आवाजात बोलत. वसंता वाकून प्रत्येकाला नमस्कार करत होता.

वैजू माझ्याजवळ येऊन बसली. हातात आपट्याची पानं.

“काका, आजी आता बाबांशी स्वतःच बोलते.”

“हो की.”

“काका, गाडीत पाणी नसलं की काय होतं?”

मुलानं विचारलेला प्रश्न मी आजवर टाळलेला नाही. “इंजिन तापतं,” मी म्हणालो.

“मग?”

“मग गाडी थांबते.”

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. ओसरीवरून वसंता आमच्याकडंच बघत होता.

“आणि पाणी बघायचं काम कुणाचं असतं?”

“गाडी चालवणाऱ्याचं,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. शिकवलेलं नीट कळलं की मुलं हलवतात तशी. मग उठली, आजीला पान दिलं, शालनला दिलं, आणि वसंतापुढं गेली. त्यानं दोन्ही हात पुढं केले होते. तिनं पान त्याच्या हातावर ठेवलं, पण मान वर करून त्याच्याकडं बघितलं नाही.